जाळीवर बंदी, कुऱ्हाडीला परवानगी

‘फुलपाखरं वाचवायला हवीत’ या वाक्यावर कुणी भांडल्याचं आजवर ऐकिवात नाही. मंत्री ते म्हणतात, खाणवाले आपल्या गुळगुळीत अहवालात ते छापतात, शाळेच्या कंपाउंडवर ते रंगवलेलं असतं. फोनवर एखादा झकास फोटो आला की आपणही बदाम दाबून तेच म्हणत असतो. ज्या वाक्याला कुणाचाच विरोध नाही, त्याच्यामुळे कुणाचं काही अडतही नाही. कारखाना थांबत नाही, रस्ता वळत नाही, एक झाडसुद्धा उभं राहत नाही. माझं भांडण या वाक्याशी आहे.

या भांडणात मला एक साक्षीदार लागतो. तो जमैकात राहतो.

जमैका म्हटलं की आपल्याला बॉब मार्ली, उसेन बोल्ट, मायकेल होल्डिंग आणि ख्रिस गेल आठवतात. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा मोठं, पुणे जिल्ह्यापेक्षा लहान. या बेटावर, आणि जगात फक्त याच बेटावर, पॅपिलिओ होमेरस नावाचं फुलपाखरू आहे. ते स्वॅलोटेल कुळातलं, म्हणजे मागच्या पंखांना शेपट्या असणारं. काळपट पंखांवरून जाणारा रुंद पिवळा पट्टा ही त्याची खूण. पंख पसरले की ते सुमारे १५ सेंटीमीटर भरतं, म्हणजे तुमच्या हातातल्या फोनच्या उंचीइतकं. पश्चिम गोलार्धातलं हे सगळ्यांत मोठं स्वॅलोटेल.

१७९३ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यांनी त्याला हे नाव दिलं. त्या काळी या कुळातल्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धकथेतल्या माणसांची नावं द्यायची पद्धत होती. फाब्रिसियस यांनी थेट ती कथा गाणाऱ्या कवीचंच, होमरचं, नाव देऊन टाकलं.

जमैकाचे १४ पॅरिश आहेत. पॅरिश म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. एके काळी त्यातल्या ७ पॅरिशमध्ये होमेरस दिसायचं. आता त्याच्या दोनच वस्त्या उरल्या आहेत. एक पूर्वेला, ब्लू माउंटन आणि जॉन क्रो या डोंगररांगा जिथे एकमेकींना भिडतात तिथे. दुसरी पश्चिमेला, कॉकपिट कंट्री नावाच्या चुनखडीच्या रानात. मधला प्रदेश रिकामा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कारण कायद्यानं काहीच केलं नाही असं म्हणायची सोय नाही.

१९८७ मध्ये होमेरसचं नाव साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आलं. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. रानातून पकडलेल्या होमेरसचा देशोदेशींमधला व्यापार त्या दिवसापासून बंद झाला. जमैकाच्या स्वतःच्या वन्यजीव संरक्षण कायद्याचंही त्याला कवच आहे. आययूसीएनच्या लाल यादीत ते संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. फुलपाखराला एवढं सरकारी संरक्षण क्वचितच मिळतं. जाळी घेऊन आलेला परदेशी संग्राहक, टाचणीला टोचून काचेच्या पेटीत ठेवलेला नमुना, चोरटा बाजार या सगळ्यांच्या विरोधात कागद तयार आहे.

हे कागद निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. एवढ्या थोड्या संख्येच्या जिवात दहावीस माद्या कुणी उचलल्या तरी फरक पडतो. संग्राहकांचा हव्यास खरा आहे आणि त्याला चाप हवाच. पण हा कायदा फुलपाखराकडे कसा बघतो ते नीट पाहा. त्याच्या लेखी फुलपाखरू ही एक उडणारी वस्तू आहे. ती पकडता येते, विकता येते, म्हणून ती पकडू नका आणि विकू नका. म्हणजे ज्या नजरेनं संग्राहक बघतो, त्याच नजरेनं कायदाही बघतो. फक्त एक घ्या म्हणतो आणि दुसरा घेऊ नका म्हणतो.

फुलपाखराच्या आयुष्यात उडणं हा शेवटचा अंक असतो. त्याआधी अंडं, मग अळी, मग कोष. आणि अळीला खायला लागतं ते एक विशिष्ट झाड.

होमेरसचं झाड आहे हर्नांडिया. पूर्वेकडची मादी हर्नांडियाच्या एका जातीवर अंडी घालते, पश्चिमेकडची दुसऱ्या जातीवर. या दोन्ही जाती जमैकाबाहेर नैसर्गिकरीत्या कुठेही उगवत नाहीत. एका बेटापुरतं फुलपाखरू, त्याच बेटापुरत्या झाडांवर जगतं. घातलेल्या अंड्यांतली बरीचशी बारीक परजीवी माश्या संपवतात. त्यातून सुटलेल्या अळ्यांना मुंग्या, कोळी, पक्षी आहेतच. त्यामुळे चार फुलपाखरं उडायची असतील, तर त्यामागे दाट, ओलं, सलग जंगल लागतं आणि त्यात पुरेशी हर्नांडिया लागते. मोठं झालेलं होमेरस मध प्यायला निरनिराळ्या फुलांवर जातं, त्याबाबतीत ते फारसं हट्टी नाही. पण आपण फुलांची बाग लावून त्याला वाचवू शकत नाही. बागेत त्याची पोटपूजा होईल, बाळंतपण होणार नाही.

आता प्रश्न विचारा. होमेरस पकडलं तर गुन्हा. मग ज्या उतारावर त्याच्या पुढच्या शंभर पिढ्या जन्मणार होत्या, त्या उतारावरची हर्नांडिया तोडली तर? तो मात्र जमिनीचा वापर झाला. त्याला परवाना मिळतो, कर्ज मिळतं, कधीकधी अनुदानही मिळतं.

विसाव्या शतकात ब्लू माउंटनच्या उतारांवर हेच झालं. नैसर्गिक जंगल साफ करून कॅरिबियन पाइनची लागवड केली गेली. हे पाइन मुळात जमैकाचं नाहीच. कॉफीसाठी, शेतीसाठी, लाकडासाठीही जंगल गेलं. पण पाइनची गंमत वेगळी आहे. कॉफीचा मळा निदान मळा दिसतो. पाइनची लागवड कागदावर जंगलच राहते. झाडं मोजा, हवी तेवढी सापडतील. त्यातल्या एकाही झाडावर होमेरसची अळी जगणार नाही. आपल्याकडे निलगिरी, सुबाभूळ आणि गिरिपुष्पाच्या रांगा दाखवून वनीकरणाचे आकडे फुगवले गेले, ते आठवा म्हणजे ही गंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १९८८ मध्ये गिल्बर्ट चक्रीवादळ आलं आणि त्यानं यातले पाइन मोठ्या प्रमाणावर आडवे केले.

हे फुलपाखरू नेमकं याच दोन जागी का उरलं?

उत्तरासाठी इतिहासात जावं लागतं. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिशांकडून हिसकावलं आणि पुढे बेटाच्या सपाट, सुपीक जमिनीवर उसाचे मळे उभे केले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर ती साखर पिकली. त्यातले काही पळाले. पळून कुठे गेले? पश्चिमेला कॉकपिट कंट्रीत आणि पूर्वेला ब्लू माउंटनमध्ये. त्यांना मरून म्हणतात. सह्याद्रीच्या आडोशानं मोठ्या फौजांना कसं दमवता येतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. मरूननी इंग्रजांशी तसाच गनिमी कावा खेळला. कॉकपिट कंट्रीच्या एका भागाचं नावच ‘लुक बिहाइंड’ पडलं, कारण तिथून जाताना सारखं मागे वळून बघावं लागायचं. अखेर १७३९ मध्ये इंग्रजांनी पश्चिमेकडच्या मरूनचा नेता कजो याच्याशी तह केला, पाठोपाठ पूर्वेकडच्या मरूनशीही केला. पूर्वेकडच्यांची पुढारी नॅनी आज जमैकाची राष्ट्रीय वीरांगना आहे.

मरूनच्या दोन बालेकिल्ल्यांचा नकाशा आणि होमेरसच्या उरलेल्या दोन वस्त्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवला, तर ते बरेचसे जुळतात. यात चमत्कार नाही. मळेवाल्यांना जिथे पोचता आलं नाही तिथे माणूसही वाचला आणि जंगलही वाचलं. त्या जंगलात झाड टिकलं, झाडावर अळी टिकली. होमेरस आज आहे ते कुठल्या यादीमुळे नाही. त्याचा मुलूख लुटणाऱ्यांना परवडला नाही, म्हणून ते आहे.

आता तो मुलूख परवडू लागला आहे.

जमैकाच्या लाल मातीत बॉक्साइट आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना होतं, ॲल्युमिनापासून ॲल्युमिनियम. १९५२ पासून जमैका बॉक्साइट निर्यात करतो आहे आणि त्याच दशकात तो जगातला आघाडीचा उत्पादक झाला. हे बॉक्साइट खोल भुयारात नसतं. चुनखडीच्या खोलगटांत, वरवर, मातीसारखंच पसरलेलं असतं. ते काढायचं म्हणजे झाडं काढायची, वरची माती खरवडायची, आणि प्रत्येक खोलगटापर्यंत अवजड गाड्यांचे रस्ते न्यायचे. कॉकपिट कंट्री म्हणजे असंख्य टेकड्या आणि त्यांच्यामधले असंख्य खोलगट. पलटणींना ज्या भूरचनेनं अडवलं, तीच खाणीला बोलावते आहे.

जमैकातले लोक गप्प बसले नाहीत, हे सांगायलाच हवं. शास्त्रज्ञ, गावकरी, मरून, पर्यावरणवादी वर्षानुवर्षं भांडले. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत कॉकपिट कंट्रीच्या संरक्षित प्रदेशाची सीमा जाहीर केली. तिच्या आत खाणकाम होणार नाही असं सांगितलं. विजय झाला, असं वाटावं असाच तो क्षण होता.

पण रेष ओढली की तिला दुसरी बाजूही असते. कॉकपिट कंट्री नक्की कुठे संपते, यावर वाद सुरूच राहिला. सरकारच्या रेषेबाहेर राहिलेला बराच प्रदेश हा कॉकपिट कंट्रीचाच भाग आहे असं तिथले लोक म्हणत होते, आणि त्याच पट्ट्यात खाणीची तयारी सुरू झाली. रहिवासी कोर्टात गेले. पाणी मात्र रेष वाचत नाही. चुनखडीच्या प्रदेशात पाऊस जमिनीत मुरतो, आतल्या आत वाहतो आणि कुठेतरी भलतीकडेच झरा होऊन वर येतो. रेषेबाहेरच्या खोलगटात गेलेलं पाणी आतल्या ओढ्यातही निघू शकतं. हर्नांडियाच्या बिया आणि होमेरसच्या माद्यासुद्धा सरकारी नकाशा बघून मुक्काम ठरवत नाहीत.

त्यात बेटाची स्वतःची एक अडचण आहे. बेटावर वादळं येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ पश्चिम जमैकावर आदळलं आणि त्यानं माणसांची अपरिमित हानी केली. वादळं होमेरसला नवी नाहीत, हजारो वर्षं त्यानं ती सोसली आहेत. एका दरीतली फुलपाखरं गेली की शेजारच्या दरीतली तिथे येत. पण त्यासाठी शेजारची दरी लागते. जंगल सलग असेल तर वादळ हा आघात असतो. जंगलाचे तुकडे केलेले असतील तर तेच वादळ शेवट ठरू शकतं. नंतर बोट दाखवायला निसर्ग आहेच. दहा वर्षं तुकडे कुणी केले, हे विचारायला तेव्हा कुणी उरत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जमैका हा वर्षानुवर्षं कर्ज आणि बेकारी सोसलेला देश, त्यानं आपलं खनिज विकू नये असं पुण्या-मुंबईत बसून, ॲल्युमिनियमच्या खिडकीपाशी, ॲल्युमिनियमच्या चौकटीचा फोन हातात धरून सांगणारे आपण कोण?

आपण कुणीही नाही. जमैकाला त्याच्या खनिजावर पूर्ण हक्क आहे. १९७४ मध्ये मायकेल मॅनली यांच्या सरकारनं परदेशी बॉक्साइट कंपन्यांवर नवा कर बसवला तो याच हक्कापोटी, आणि तो योग्यच होता. डोंगरउतारावर रताळी आणि केळी लावणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही मी आरोपी करणार नाही. तो उतारावर गेला, कारण खालची सपाट जमीन मळ्यांनी आधीच गिळली होती. पण हा आक्षेप ज्यांच्या नावानं घेतला जातो, ते लोक काय म्हणत आहेत हेही ऐकायला हवं. खाणीविरुद्ध कोर्टात उभे राहिलेले लोक त्याच बेटावरचे गावकरी आहेत. ब्लॅक रिव्हर, ग्रेट रिव्हर, मार्था ब्रे या नद्यांना कॉकपिट कंट्रीचं पाणी मिळतं. त्या पाण्यावर शेती आहे आणि गावंही आहेत. बॉक्साइट एकदाच विकता येतं, पाणी दर वर्षी मिळतं. ‘विकास हवा की फुलपाखरू’ हा प्रश्न मुद्दाम असा मांडला जातो, कारण तसा मांडला की फुलपाखरू हरतं. ‘एकदाचं बॉक्साइट की कायमचं पाणी’ असा मांडला तर उत्तर एवढं सोपं राहत नाही. फुलपाखरू त्या पाण्याच्याच बाजूला उभं आहे.

दुसरा आक्षेप हुशार लोकांचा. प्रजाती येतात आणि जातात, डायनोसॉरही गेले, एका फुलपाखरासाठी एवढं काय? प्रजाती जातात हे खरंच आहे. माणसंही मरतात. म्हणून कुणी खुनाचा खटला मागे घेत नाही.

तिसरा आक्षेप प्रेमळ लोकांचा. पिंजऱ्यात वाढवू, बंदिस्त बागेत जपू, तिकीट लावून दाखवू. त्या अळ्यांना रोज पानं कुठून आणणार? हर्नांडियाचीच आणावी लागतील. ज्या झाडासाठी डोंगरावर जागा नाही, त्याच्यासाठी बागेत जागा निघत असेल तर आपल्याला जंगल नको आहे, देखावा हवा आहे.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? थोडा आहे. २०१५ मध्ये जमैकाच्या ब्लू आणि जॉन क्रो माउंटनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. राज्य फुलपाखरू असणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. राणी पाकोळी होमेरसचीच भाऊबंद आहे, दोघांचं प्रजातिकुल पॅपिलिओ. तिचं शास्त्रीय नाव पॉलिमनेस्टर, तेही ट्रॉयच्याच कथेतलं. त्या कथेतल्या थ्रेसच्या राजाकडे ट्रॉयच्या राजानं आपला धाकटा मुलगा आणि थोडं सोनं सांभाळायला दिलं होतं. ट्रॉय पडल्याबरोबर सांभाळणाऱ्यानं सोन्यासाठी त्या मुलालाच मारलं.

राणी पाकोळीची निवड चुकीची नव्हती. ती सोपी होती. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, त्यामुळे ती मुंबईतल्या सोसायटीच्या बागेतही दिसते. तिचा मान राखायला कुणाला काही सोडावं लागलं नाही. पण याच महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पठारांवर जमैकासारखंच बॉक्साइट आहे आणि ते खणलं गेलं आहे. पावसाळ्यात फुलांनी भरणारे कातळाचे सडे सरकारी भाषेत ‘पडीक’ होतात. कास, कोयना, चांदोली, राधानगरी २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. यादीतल्या पठारावर आपण सेल्फी काढतो आणि यादीबाहेरच्या पठारावर खाण निघाली तर ती बातमीसुद्धा होत नाही. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीनं सबंध पश्चिम घाटाचा एकत्र विचार करा, गावांना विचारून ठरवा, असं सांगितलं, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणारे आपणच होतो.

म्हणून ‘फुलपाखरं वाचवा’ या वाक्यावर आता कुणीतरी भांडायला हवं. पुढच्या वेळी फोनवर दुर्मीळ फुलपाखराचा फोटो येईल तेव्हा बदाम दाबा, हरकत नाही. पण खाली कमेंटमध्ये विचारा, याची अळी कुठल्या झाडावर वाढते? ते झाड कुणाच्या जमिनीवर आहे? त्या जमिनीसाठी कुणी अर्ज केला आहे, आणि संरक्षणाची रेष त्या झाडाच्या अलीकडून जाते की पलीकडून? उत्तर ठाऊक असलेला माणूस बहुधा त्या गावातलाच असेल. खाणीचे कागद मागायला तो आधीच कचेरीत हेलपाटे घालत असेल आणि त्याच्या पोस्टला तुमच्या त्या फोटोच्या शंभराव्या हिश्शाएवढेही बदाम मिळालेले नसतील. फॉरवर्ड करायचंच असेल, तर त्याचं करा.